पगार, पुण्य आणि परिचर्या

चार माणसें एकत्र येऊन काम करूं लागलीं म्हणजे त्यांच्या मुख्याला एक प्रश्न आज ना उद्यां पडतोच : हीं माणसें मनापासून काम करतील असें कशानें होईल? अलीकडे या प्रश्नाचें एक स्वतंत्र शास्त्रच बनलें आहे. 'कर्मचाऱ्यांची प्रेरणा' आणि 'नेतृत्व' या विषयांवर वर्ग भरतात, व्याख्यानें होतात, आणि दोन दिवसांच्या शिबिरानंतर प्रशस्तिपत्रकेंहि वाटलीं जातात. या शास्त्राची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे व त्याचा उपयोग आम्ही पुढें करणारच आहों. परंतु त्याच्या बुडाशीं एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो मात्र शिबिरांत सहसा कोणी विचारीत नाहीं. दुसऱ्याच्या अंतःकरणांतील प्रेरणा वाढविण्याचा अधिकार एका माणसाला पोंचतो काय, आणि पोंचत असल्यास कोणत्या अटींवर? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. आणि उदाहरण म्हणून रुग्णालयाचा एखादा विभाग डोळ्यांपुढें ठेविला आहे.

रुग्णालयच कां, असें वाचक विचारतील. त्याचें कारण असें कीं, कांहीं कामें तपासतां येतात आणि कांहीं तपासतां येत नाहींत. गवंड्यानें बांधलेली भिंत ओळंबा लावून पाहतां येते. कारकुनानें मांडलेला हिशेब दुसऱ्याला पडताळतां येतो. पण जो रुग्ण स्वतः कूस बदलूं शकत नाहीं, त्याची कूस दर दोन तासांनीं बदलली पाहिजे, नाहीं तर पाठीला शय्याव्रण होतात. रात्रीं तीन वाजतां ती कूस खरोखर बदलली कीं नोंदवहींत नुसती सही झाली, हें कोण सांगणार? रुग्ण बेशुद्ध असतो, नातलग बाहेर बांकावर पेंगत असतात, आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर असतात. व्रण दिसूं लागेपर्यंत दिवस लोटलेले असतात व त्या दिवसांत पाळ्या बदललेल्या असतात. नोंदवही ही कामाची सावली आहे, काम नव्हे. आणि सावली ही वस्तु नसतांनाहि पाडतां येते, हें ज्यांना कचेऱ्यांचा अनुभव आहे त्यांना सांगावयास नको. तेव्हां रुग्णालयांतील बराचसा भाग असा आहे कीं, तो करणाऱ्याच्या मनावरच सोंपवावा लागतो. प्रेरणेचा प्रश्न इतर ठिकाणीं नफ्यातोट्याचा असेल. येथें तो जीविताचा आहे.

आमच्या मलकापुरासारख्या गांवाला याची जाणीव विशेष असावी. मुंबईकडून नागपुराकडे व पुढें कलकत्त्याकडे जाणारा महामार्ग आणि लोहमार्ग हे दोन्ही आमच्या अंगावरून जातात. २९ जुलै २०२३ रोजीं पहाटेपूर्वीं येथें दोन खाजगी बसगाड्या एकमेकींवर आदळून सहा माणसें मृत्युमुखीं पडलीं व कित्येक जखमी झालीं. अशा वेळीं जवळच्या कोणत्या रुग्णालयांत रात्रपाळीला कोण आहे, तें जागें आहे कीं नाहीं, आणि जागें असून त्याला आंच आहे कीं नाहीं, यावर परक्या गांवच्या माणसांचें जगणें मरणें लोंबकळत असतें. त्या माणसाला जखमींचीं नांवेंहि ठाऊक नसतात. पुन्हां त्यांची गांठ पडण्याचाहि संभव नसतो. अशा अनोळखी देहासाठीं कोणी मन लावून काम करावें, तें कां? हा आमचा प्रश्न आहे.

आपल्या जुन्या वैद्यकानें हा प्रश्न ओळखला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी, आणि या प्रत्येकाचे चार चार गुण दिले आहेत. परिचारकाला वैद्याच्या बरोबरीनें स्वतंत्र पाद मानलें आहे, हेंच प्रथम लक्षांत घेण्याजोगें आहे. त्याचे गुण असे : परिचर्येचें ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. यांपैकीं तीन गुण शिकवून आणतां येतात. ज्ञान पाठशाळेंत मिळतें, दक्षता सरावानें येते, शुचिता शिस्तीनें अंगीं बाणते. पण अनुराग? ममत्व बाळगण्याचा हुकूम सोडतां येत नाहीं, आणि सोडला तरी तो पाळतां येत नाहीं. चौथा पाय हुकमाबाहेरचा आहे. आणि त्यावांचून खाट डळमळते. ही आपल्या विषयाची खरी अडचण होय.

हा अनुराग पगारी नोकरींत संभवतच नाहीं, असें मानणारा एक पक्ष आहे. त्याच्या मतें जेथें महिन्याच्या पहिल्या तारखेला रक्कम मोजून मिळते तेथें सेवेचा अंत झाला. उरला तो व्यवहार. या पक्षाला उत्तर देण्यासाठीं आपल्या महाराष्ट्रांतीलच एक हकीकत सांगितली पाहिजे. मुंबईस परळ येथें १९२६ सालीं सुरू झालेल्या केईएम रुग्णालयांत अरुणा शानबाग नांवाची एक तरुण परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं त्याच रुग्णालयांतील एका नोकरानें तिच्यावर अमानुष हल्ला केला. मेंदूस प्राणवायूचा पुरवठा तुटल्यामुळें ती जन्माची विकल झाली. तेव्हांपासून १८ मे २०१५ रोजीं तिचें देहावसान होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनीं तिला भरविलें, न्हाऊ घातलें, कूस बदलली, आणि दर वर्षीं १ जूनला तिचा वाढदिवसहि केला. इतकी वर्षें अंथरुणाला खिळलेल्या या देहाला शय्याव्रण होऊं दिले नाहींत, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली व तेथें गौरविली गेली.

हा काळ एका माणसाच्या नोकरीपेक्षां मोठा आहे. ज्यांनीं अरुणेला चालतां बोलतां पाहिलें होतें त्या निवृत्त झाल्या. नंतर आलेल्यांचा तिच्याशीं कसलाहि पूर्वपरिचय नव्हता. आणि अखेरच्या वर्षांत तिची शुश्रूषा करणाऱ्या कित्येक मुली १९७३ सालीं जन्मल्याहि नव्हत्या. ती कधीं बरी होईल अशी आशा नव्हती. ती आभार मानील अशीहि आशा नव्हती. तिचें आयुष्य अशा रीतीनें लांबावें कीं नाहीं, हा प्रश्न न्यायालयापुढें आला होता. ७ मार्च २०११ च्या निकालांत न्यायालयानें तिच्या वतीनें बोलण्याचा अधिकार याच कर्मचाऱ्यांचा मानला आणि त्यांना ती जगावयास हवी होती. त्या प्रश्नाच्या खोलांत येथें आम्ही शिरत नाहीं; त्यावर सज्जनांचे दोन पक्ष आहेत व असणार. आम्हांला येथें एवढेंच पाहावयाचें आहे कीं, हें काम कोणत्या प्रेरणेनें झालें.

पहिली गोष्ट ही कीं, या परिचारिका पगारी होत्या. पगार घेतल्यानें त्यांच्या सेवेला बाध आला नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, पगार हें त्यांच्या सेवेचें स्पष्टीकरण होऊं शकत नाहीं. अरुणेची कूस न बदलणारीलाहि तोच पगार मिळाला असता. तिसरी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. हल्ल्यानंतर याच वर्गानें संप केला होता. अरुणेला न्याय व आपल्याला कामाच्या जागीं सुरक्षितता मिळावी अशी त्यांची मागणी होती. ज्या हातांनीं मागणीचा फलक उंचावला त्याच हातांनीं पुढें चार दशकें शुश्रूषा केली. हक्क मागणारी व्यक्ति सेवाभावशून्य असते, हा समज या एका उदाहरणानें खोटा ठरावा. आणि चौथी गोष्ट अशी कीं, ही परंपरा कोणा एका थोर पुढाऱ्यानें निर्माण केली नाहीं. नव्या मुलीला जुन्या सिस्टरनें हातीं धरून खाटेशीं नेलें व 'ही आपली आहे' एवढें सांगितलें असावें. प्रेरणा अशी हातांतून हातांत गेली असावी, कागदांतून कागदांत नव्हे.

आतां दुसरें उदाहरण आमच्या जिल्ह्यांतलें घेऊं. शेगांवच्या श्रीगजाननमहाराज संस्थानांत जो जाऊन आला आहे त्याला तेथील स्वच्छता व शांत शिस्त यांविषयीं सांगण्याची जरूर नाहीं. तें काम मोठ्या अंशीं विनावेतन सेवेकऱ्यांच्या हातून होतें. असे सेवेकरी हजारों आहेत. शेतकरी, शिक्षक, दुकानदार असे नाना धंद्यांचे लोक आळीपाळीनें येतात, झाडतात, पंगती वाढतात, आणि आपल्या गांवीं परत जातात. हें पाहून आमच्याकडे अनेक भले लोक म्हणतात कीं, सरकारी इस्पितळांतहि असाच सेवाभाव कां दिसूं नये? प्रश्न मनापासूनचा आहे. पण तुलना पुरती नाहीं. सेवेकरी आपखुषीनें येतो, आणि थकण्यापूर्वीं घरीं जातो. त्याचा संसार दुसऱ्या उत्पन्नावर चालतो. परिचारिका तीस वर्षें तेंच रक्त, तोच आक्रोश आणि तीच दुर्गंधि यांत उभी असते, आणि तिचा संसार याच कामावर चालतो. आठ दिवसांच्या पुण्याचें माप तीस वर्षांच्या धंद्याला लावणें न्यायाचें नाहीं.

तथापि शेगांवपासून शिकण्यासारखें एक आहे, आणि तें सेवेकऱ्यांकडून नसून त्यांच्या मुख्यांकडून शिकावयाचें आहे. संस्थानचा कारभार अनेक दशकें पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजीं निवर्तले. संस्थानच्या पैशानें आपण चहाहि घ्यावयाचा नाहीं, असा त्यांचा नेम असल्याचें आमच्या जिल्ह्यांत सर्वतोमुखीं आहे. या नेमाचें मर्म वैराग्यांत नसून न्यायांत आहे, असें आम्हांस वाटतें. जो सेवेकरी फुकट राबतो त्याच्या मनांत एक शंका नेहमीं दबा धरून असते : माझ्या घामावर कोण पोसला जात आहे? वरच्या माणसाच्या वागणुकीनें ही शंका निर्मूल झाली तरच त्याचे हात मोकळे होतात. दुसऱ्यापाशीं त्याग मागण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याच्या पदरांत त्या त्यागाचें फळ पडत नाहीं. रुग्णालयाच्या विभागप्रमुखानें भिंतीवर हें लिहून ठेवावें असें आम्ही सुचवूं, पण आधीं तें त्यानें आपल्या रजेच्या अर्जांत व पाळ्यांच्या तक्त्यांत उतरवावें.

त्यागाचें नांव पुढें करून हक्काचें देणें कसें टाळलें जातें, याचें एक उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत २००५ पासून गांवोगांव 'आशा' नेमल्या गेल्या. त्यांचें पद कर्मचाऱ्याचें नव्हे, 'स्वयंसेविके'चें. त्यांना मिळतें तें वेतन नव्हे, 'मोबदला'. गरोदर बायांची नोंद, बाळंतिणींच्या घरीं फेऱ्या, लसीकरणासाठीं मुलांची जमवाजमव, आणि करोनाच्या साथींत घरोघर तपासणी, हीं सारीं कामें त्यांनीं केलीं. २२ मार्च २०२० रोजीं लोकांनीं गच्च्यांवर उभें राहून आरोग्यसेवकांसाठीं टाळ्या व थाळ्या वाजविल्या. जून २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील सुमारें सत्तर हजार आशांना मोबदल्यासाठीं संप करावा लागला. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा जगासमोर सन्मान केला. टाळी, संप आणि सन्मान हा क्रम नीट पाहावा. स्तुति ही वेतनावर चढविलेला कळस असेल तर ती शोभते. वेतनाच्या जागीं ठेविली तर ती फसवणूक होते. 'सेवा' हा शब्द फार पवित्र आहे, आणि म्हणूनच तो उच्चारण्याचा अधिकार कोणाला हें पाहिलें पाहिजे. सेवा करणारीनें तो उच्चारला तर तें तिचें भूषण. तिला राबविणारानें उच्चारला तर तें बहुधा तिचें ऋण बुडविण्याचें साधन.

मग दुसऱ्या टोकाला जाऊन, सर्व कांहीं पैशांवर आणि दंडावरच सोंपवावें काय? येथें नव्या शास्त्राची साक्ष उपयोगी पडते. इस्राएलमधील हैफा शहरांतील पाळणाघरांत मुलांना नेण्यास पालक उशीर करीत. म्हणून कांहीं पाळणाघरांनीं उशिराबद्दल दंड बसविला. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निकाल असा कीं, उशीर कमी न होतां वाढला. आणि दंड उठविल्यावरहि तो पूर्वपदावर आला नाहीं. कारण उघड आहे. पूर्वीं पालकांस वाटे कीं, आपल्यामुळें बाई खोळंबल्या. दंड आल्यावर वाटूं लागलें कीं, आपण तिचा वेळ विकत घेतला. लाजेची जागा किंमतीनें घेतली, आणि किंमत उठविली तरी लाज परत आली नाहीं. रिचर्ड टिटमस या इंग्रज विचारवंतानें १९७० सालीं रक्तदानाविषयीं लिहितांना असाच मुद्दा मांडला होता : रक्ताचा बाजार झाला कीं दानाची वृत्ति पातळ होते. यावरून वेतन देऊं नये असें सिद्ध होत नाहीं. सिद्ध होतें तें एवढेंच कीं, जें माणूस आपण होऊन करीत होतें त्याला तुकड्यातुकड्यानें भाव लावला, तर तें भावापुरतेंच करूं लागतें. वेतन पुरेसें आणि वेळेवर द्यावें, आणि देऊन झाल्यावर त्याविषयीं बोलूं नये, हें उत्तम.

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें पिट्सबर्ग येथील सुमारें दोनशें हिशेबनीस व अभियंते यांच्या मुलाखती घेऊन १९५९ सालीं जो सिद्धांत मांडला, तोहि येथें लागू पडतो. त्याचें म्हणणें असें कीं, असंतोष ज्यानें होतो तें एक, आणि आनंद ज्यानें होतो तें दुसरें. अपुरें वेतन, जाचक नियम, वाईट जागा यांनीं माणूस चिडतें. पण तीं दूर केल्यानें तें चिडावयाचें थांबतें, इतकेंच. आनंद होतो तो काम चांगलें झाल्याचा, तें कोणीं ओळखल्याचा, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर असल्याचा. त्या सिद्धांतावर पुढें पुष्कळ आक्षेप आले आहेत. तरी एक धडा टिकतो. बायकांना कपडे बदलण्यास खोली नाहीं, पिण्यास स्वच्छ पाणी नाहीं, तिघींच्या जागीं एक जण आहे, पगार तीन तीन महिने थकला आहे, अशा विभागांत 'प्रेरणे'वर व्याख्यान देणें म्हणजे उपाशी माणसाला मुखशुद्धि देणें होय. आणि उलट, या सर्व सोयी करून दिल्या म्हणजे आपण प्रेरणा उत्पन्न केली, असें समजणाराहि फसतो. त्यानें ऋण फेडलें. दान अजून केलें नाहीं.

तिसरा उपाय म्हणजे धाक. सत्य आपल्या बाजूला असलें म्हणजे कडक बोलण्याचा परवाना मिळाला, असें पुष्कळ कर्तबगार माणसांना वाटतें. त्यांनीं इग्नाझ सेमेलवाइसचें चरित्र आठवावें. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांतील सूतिकागृहांत एप्रिल १८४७ मध्यें शेंकडा अठरा बाळंतिणी तापानें दगावल्या होत्या. शवविच्छेदन करून आलेले हात न धुतां प्रसूति करणारे डॉक्टरच हें विष नेतात, असें सेमेलवाइसनें ओळखलें, आणि मे महिन्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला. दोन महिन्यांच्या आंत प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास आलें. इतकें लखलखीत सत्य हातीं असूनहि तो लोकांचीं मनें जिंकूं शकला नाहीं. यांत वरिष्ठांचा अहंकार होता, जुन्या मतांचा आग्रह होता. पण त्यानेंहि आपलें मत बरीच वर्षें सविस्तर लिहून मांडलें नाहीं, आणि मांडलें तेव्हां विरोधकांना खुल्या पत्रांतून खुनी म्हणण्यापर्यंत मजल गेली. १८६५ सालीं वेड्यांच्या रुग्णालयांत त्याचा अंत झाला. त्याचें दुःख मोठें होतें व त्याचा संताप समजण्यासारखा होता. तरी प्रश्न राहतोच : ज्यानें आपला हात मृत्यूचें कारण झाला हें कबूल करावयाचें आहे, त्याला तें कबूल करण्यास जागा कोणीं ठेविली होती?

या जागेचें महत्त्व अलीकडच्या एका अभ्यासानें फार चांगलें दाखविलें आहे. अमेरिकेंतील एमी एडमंडसन या विदुषीनें रुग्णालयांतील परिचारिकांच्या निरनिराळ्या गटांत औषधें देण्यांतील चुका किती होतात हें तपासलें. अभ्यास १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें प्रमुखाचें वागणें चांगलें व आपसांत सलोखा, तेथें चुका कमी असाव्यात असें कोणालाहि वाटेल. आढळलें उलट : अशा गटांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या. उलगडा असा कीं, तेथें चुका अधिक होत नव्हत्या. त्या अधिक सांगितल्या जात होत्या. जेथें प्रमुख डोळे वटारतो तेथें चुका होतच नाहींत असें नाहीं. त्या बिछान्याखालीं सरकविल्या जातात. आणि लपविलेली चूक उद्यां दुसऱ्या कोणाच्या शिरेंत जाते. म्हणून विभागप्रमुखाची पहिली कसोटी हीच कीं, सर्वांत धाकट्या मुलीला 'साहेब, माझ्या हातून चुकीचें इंजेक्शन गेलें' असें त्याच क्षणीं सांगतां येतें काय? येत असेल तर त्या विभागांत नेतृत्व आहे. येत नसेल तर तेथें फक्त हुद्दा आहे.

एवढें विवेचन झाल्यावर आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. आणि त्यासाठीं आपल्या व्याकरणाची मदत घेऊं. मराठींत 'करणें' व 'करविणें' असे दोन प्रयोग आहेत. 'मुलगी काम करते' या वाक्यांत मुलगी कर्ता आहे. 'आई मुलीकडून काम करविते' असें म्हणतांच कर्तेपण आईकडे गेलें, आणि जी खरोखर राबते ती 'कडून' या शब्दाला टेकून उभी राहिली. जणूं कोयत्यानें ऊस तोडावा तसें मुलीकडून काम झालें. पाणिनीनें करविणाऱ्याला 'हेतु' अशी संज्ञा दिली आहे, पण त्यालाहि कर्ता म्हटलें आहे. प्रेरणेच्या शास्त्रांतील सारा धोका या एका रूपांत सांठविला आहे. 'मी माझ्या लोकांकडून काम कसें करवून घेऊं' असें विचारणाऱ्या प्रमुखानें, प्रश्न विचारतांनाच, आपल्या लोकांना साधनाच्या पंक्तीला बसविलेलें असतें. मग तो वेतनाचा उपयोग करो, धाकाचा करो वा गोड शब्दांचा करो. गोड शब्द हे तर सर्वांत सूक्ष्म साधन. आणि माणसाला फार लवकर कळतें कीं, आपल्याशीं कोणी बोलत आहे कीं आपल्याला कोणी वापरीत आहे.

आमचें उत्तर म्हणून असें आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणांत प्रेरणा घालण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं, कारण ती घालतांच येत नाहीं. ती त्या माणसाचीच असते. ज्या मुलीनें परिचारिका होण्याचें ठरविलें ती बहुधा कांहीं तरी प्रेरणा घेऊनच आलेली असते. प्रमुखाचें कर्तव्य ती प्रेरणा मरूं न देण्याचें आहे. ती मरते अन्यायानें : एकीला दर दिवाळीला रजा व दुसरीला दर दिवाळीला रात्रपाळी यानें, कामचुकाराला वशिल्यामुळें अभय आणि मेहनती माणसावर त्याचाहि भार यानें. कारण जो कामचुकार सुटतो तो एका कामाचें नुकसान करतो, पण त्याला सुटलेला पाहणारे दहा जण मनांतून विझतात. म्हणून कडकपणाला स्थान आहे. मात्र तो मेहनती माणसाच्या बाजूनें असावा, हुद्द्याच्या बाजूनें नव्हे. प्रेरणा मरते अपमानानेंहि : रुग्णाच्या देखत, नातलगांच्या देखत केलेल्या पाणउताऱ्यानें. आणि ती मरते निष्फळतेनें : सलाईन नाहीं, हातमोजे नाहींत, आणि तरी जाब मात्र आपल्यालाच, या जाणिवेनें. ज्या प्रमुखानें हे तीन मृत्यु आपल्या विभागाच्या दाराबाहेर थोपविले, आणि महिन्यांतून दोन रात्री स्वतः विभागांत काढल्या, त्याला प्रेरणेवर व्याख्यान देण्याचें कारण पडत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल : हें सर्व प्रमुखाच्या हातीं कोठें आहे? जागा सरकार भरतें, औषधें वरून येतात, वशिला बाहेरून लागतो. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच या नीतीचा शेवटला भाग आमच्या व आमच्या वाचकांच्या वांट्याला येतो. रुग्णालयाच्या मनोबळाचा विचार करतांना आपण डॉक्टर, सरकार व कर्मचारी यांचीं नांवें घेतों आणि रुग्णाच्या नातलगांस वगळतों. परंतु वैद्यकीय सेवकांवरील हल्ले रोखण्यासाठीं महाराष्ट्राला २०१० सालीं एक स्वतंत्र कायदा करावा लागला, हें आपल्यासारख्या सुशिक्षितांस भूषणावह नाहीं. हात उगारणें दूर राहो. भेटीची वेळ टळल्यावर ओळख सांगून आंत शिरणें, आमदारांचा दूरध्वनि आणविणें, दुसऱ्याच्या खाटेसाठीं थांबलेल्या रुग्णापुढें आपला रुग्ण सरकविणें, हीं कामें कोण करतें? आपल्यासारखींच माणसें करतात. आणि अशा प्रत्येक वेळीं विभागांतील न्यायबुद्धीचा एक टवका आपल्या हातानें उडतो.

आपल्याकडे इस्पितळांत परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात; झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या बाईला 'मावशी' म्हणतात; आणि रुग्णाची ढकलगाडी नेणाऱ्याला 'मामा'. इतर कचेऱ्यांत शिपायाला कोणी अशीं नातीं लावीत नाहीं. देहाच्या असहाय स्थितींत आपल्याला जीं माणसें हवीं असतात तीं नात्याचीं हवीं असतात, हें आपल्या भाषेला आमच्यापेक्षां अगोदर उमगलें आहे. पण नातें हें दुतर्फा असतें. घरच्या मावशीला आपण बसावयास सांगतों, जेवलीस का म्हणून विचारतों, तिच्या मुलांची चौकशी करतों. विभागांतल्या मावशीला मात्र आपण नात्यानें हांक मारतों आणि नोकरासारखें वागवितों. आणि मग तिच्यापाशीं अनुराग नाहीं म्हणून तक्रार करतों. चरकानें परिचारकाला चौथा गुण सांगितला, तो मागण्यापूर्वीं आपण कांहीं द्यावें लागतें. तें वेतनांत मोजतां येत नाहीं, आणि वेतन थकवून देतांहि येत नाहीं. त्याला आपल्या भाषेंत आदर म्हणतात. आणि तो ज्या विभागांत वरून खालीं वाहतो, त्याच विभागांत रात्रीं तीन वाजतां कोणी न सांगतां रुग्णाची कूस बदलली जाते.